उपाशी पोटी देब्युसी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, होस्टेलच्या पियानोवर पुन्हा बसायला लागलेय, ‘डॉक्टर ग्रादुस’ काढतेय. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. मग रात्री फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’चे सहाही तुकडे लागोपाठ ऐकले.

तुझा ‘डॉक्टर ग्रादुस’ हा त्यातला पहिला तुकडा म्हणजे क्लेमेंतीच्या पियानो-सरावाच्या पुस्तकाची थट्टा. देब्युसीने प्रकाशकाला कळवलं होतं, हा रोज सकाळी उपाशी पोटी वाजवावा. काढाच म्हण ना! बोटं इमानेइतबारे पळत असतात, मधेच लय रेंगाळते, पोर खिडकीबाहेर बघत बसल्यासारखी. मग भानावर येऊन शेवटी जी धूम ठोकते, तिथे मला तू दिसलीस. गजराच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढे सारून पळालेली. मी तुला परत आणून बसवलं होतं, वर अर्धा तास जादा. त्याच वर्षी तू पियानो सोडलास.

1908 साली ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ छापून आलं तेव्हा देब्युसीची लेक शूशू तीन वर्षांचीही नव्हती. तिला अर्पण करताना त्याने लिहिलं, पुढे जे येतंय त्याबद्दल तिच्या बाबाची प्रेमळ माफी. वाजवणं तिच्या बोटांना झेपणारं नव्हतंच. हे मुलांसाठी कमी आणि मुलांकडे बघत बसणाऱ्यांसाठी जास्त आहे, असं मला वाटतं. नावं इंग्रजीत, कारण घरात इंग्रज दाई. खेळण्यातल्या हत्तीची अंगाई पार खालच्या सुरांत, अंग सावरत चालल्यासारखी. शेवटच्या ‘केकवॉक’मधल्या काळ्या बाहुल्याचं ध्यान आज खटकतं, खटकायलाच हवं. पण त्यातच वॅग्नरच्या ‘त्रिस्तान’ ऑपेरामधला हुंदका आणलाय, वर सूचना ‘अत्यंत भावुकतेने’, आणि लगेच खुदकन हसणारे सूर. तो चावटपणा तुला आवडेल.

देब्युसी मार्च 1918 मध्ये कर्करोगाने गेला. पुढच्याच वर्षी शूशू घटसर्पाने गेली, तेरा वर्षांची. हे वाचल्यावर त्यातला ‘स्नो इज डान्सिंग’ हा तुकडा मला परत लावता आला नाही.

ग्रादुस बसलं की बाहुलीचं ‘सेरेनेड’ काढ. आवाज दबवणारा डावा पेडल अख्ख्या तुकड्यात दाबूनच ठेवायचा, जोरात लिहिलंय तिथेसुद्धा. देब्युसीने तसं बजावून ठेवलंय. बाहुली झोपलेली असावी. चुका झाल्या तरी रेकॉर्डिंग तसंच पाठव. किती वेळ बसलीस, हे मी विचारणार नाही. तू काटा सारलास तेव्हा मी दारातच उभा होतो, आणि हसू आलं होतं मला. ते दाबून ओरडलो, त्याची माफी राहिली होती.

आई विचारतेय, मेथीचे लाडू पोचले का?

तुझा,
बाबा