आईचं नाव सातबारावर लावा, बाबा

ती. आई-बाबा,
शि.सा.न.

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही लगेच पावसापाण्याचं विचारता आणि आई फोन वहिनीच्या हातात देऊन मोकळी होते, म्हणून लिहायलाच बसले. दादाच्या मोठीला सांगितलंय, रात्री जेवणं झाली की आजी-आजोबांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखव, मधलं काही गाळायचं नाही.

दादाच्या धाकटीचा, छकुलीचा जन्मदाखला आला तेव्हा बाबा तुम्ही दादाला म्हणालात की हे मधीच सूनबाईचं नाव कसं काय आलं, चुकलं असेल तर दुरुस्त करून आण. ते चुकलेलं नाही बाबा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांची नावं आपल्या राज्यात सरकारी कागदावर अशीच लिहायची असतात, लेकराचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि मग आडनाव. मला इतका आनंद झाला ते बघून काय सांगू. पण तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे की छकुलीच्या कागदावर तिची आई आहे, रेशन कार्डावर आपली आई कुटुंबप्रमुख आहे कारण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली मोठी बाईच प्रमुख धरतात, लाडकी बहीणचे 1500 तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि ज्या चार एकरात तिची सगळी उमर गेली त्या वावराच्या सातबारावर मात्र तिचं नावच नाही.

आई तू हसशील, तुझं वाक्य मला पाठ आहे, "माले काय करनं शे सातबारानं?" पण मी तुला कापूस वेचताना बघितलंय गं. दिवाळीनंतरची वेचणी, सकाळचं दव सुकलं की ओळीत शिरायचं, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची आणि परत त्याच ओळीत वाकायचं. रात्री कोमट खोबरेल बोटांच्या चिरांत लावून झोपायचीस आणि सकाळी कळण्याची भाकरी थापताना पीठ त्या चिरांत गेलं की नुसते ओठ आवळायचीस, तोंडातून शब्द नाही. तो कापूस विकला की पट्टी बाबांच्या नावाची, सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावाचं, पीएम किसानचे 2000 पण बाबांच्याच खात्यात. बाबा तुम्ही तिला कधी पैशाला नाही म्हटलं नाही हे मी जाणते, पण प्रत्येक वेळी तिला मागावंच लागलं, बांगड्या भरायला सुद्धा.

आपल्या गल्लीतल्या काकूंचं बघताय ना. काका अचानक गेले, जमीन दिरांबरोबर सामाईक, वारस नोंदीला कितीतरी दिवस लागले, तोवर पीककर्ज नाही की काही नाही, दरवेळी दिराची सही आणा आणि दीर म्हणणार उद्या बघू. शेवटी पोराची कॉलेजची फी काकूंनी मंगळसूत्र गहाण ठेवून भरली, आणि त्या वावरात पेरणीपासून फरदडीच्या शेवटच्या वेचणीपर्यंत सगळं त्याच करायच्या. बाबा वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही शंभर वर्षं जगा, पण आईवर ही वेळ यायला नको म्हणूनच आत्ता सांगतेय. तुम्ही म्हणाल, "जमीन काय पळी जाई ऱ्हायनी का?" जमीन नाही पळत बाबा, वेळ मात्र जाते.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नवीन खूळ नाही. तुम्ही स्वतः छातीला लाल बिल्ला लावून शेतकरी संघटनेच्या सभांना जायचात. 1986 ला चांदवडला बायांचं एवढं मोठं अधिवेशन झालं, गावातल्या बाया ट्रकमधून गेल्या, आईला जाता आलं नाही कारण मी अंगावर पिती होते. त्यानंतर शरद जोशींनीच शेतकऱ्यांना सांगितलं ना की घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा, लक्ष्मीमुक्ती म्हणायचे त्याला, आणि 1992 ला सरकारनं पण परिपत्रक काढलं की नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. तुमचं नाव निघत नाही, तुमच्या शेजारी तिचं लागतं. तेव्हा राहून गेलं, आता करू.

दादाला वाटतंय की हे सगळं मी माझ्या हिश्श्यासाठी काढलंय, वहिनीनं मला सांगितलं. दादा, तू पण ऐकत असशील तर ऐक, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासूनच मुलाएवढा हक्क आहे, 2005 ला कायदा बदलला आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं तेच पक्कं केलं, त्यामुळे साडीचोळी देऊन हक्कसोडवर सही घ्यायचं जे गावोगाव चालतं ते मी करणार नाही हे तुला आधीच सांगून ठेवते, पण आज तो विषय नाही, त्यावर आपण दोघं भाऊबहीण नीट बसून बोलू. आज फक्त आईचं बोलतेय. तुझी संमती लागली तर तू देशील याची मला खात्री आहे, तिच्याच ओटीतल्या कापसावर तुझं डिप्लोमाचं शिक्षण झालंय.

गाव केवढं बदललं बाबा. आईला चौथीतून काढलं धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि मोठी आज नववीत आहे, फुकटच्या पासवर रोज एसटीनं अमळनेरला जाते आणि अठराच्या आत तिच्या लग्नाचं कोणी नाव काढलं तर तुम्हीच काठी घेऊन उठाल. सरपंचबाईंच्या खुर्चीवर आधी त्यांचे मिस्टर बसायचे, आता त्या स्वतः बसतात आणि ठराव वाचूनच सही करतात. आई अर्ध्या तिकिटात एकटी धुळ्याला मावशीकडे जाऊन येते. एवढं सगळं तुम्ही आनंदानं मान्य केलंत, म्हणून हे पण कराल असं वाटतं.

मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला येतेय, चांगली आठ दिवस राहणार आहे. तोवर बाबा एवढं करा, सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे काढून ठेवा, तुमच्या दोघांच्या आधारच्या झेरॉक्स ठेवा, आणि आईच्या आधारवर तिचं नाव माहेरचं की सासरचं ते मोठीकडून बघून घ्या, वेगळं असेल तर आधी तेच दुरुस्त करावं लागेल. सण झाला की तिघं मिळून तलाठी ऑफिसला जाऊ. आई, तू पण चल, घरी कामं आहेत म्हणू नकोस, त्या दिवशीचा स्वयंपाक दादा बघेल.

तुमची,
ताई