मॉसचा अर्क विकायच्या आधी प्लॉटवर दाखवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्याकडे बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॉस आणि लिव्हरवर्टच्या अर्काचं लय चाललंय, नैसर्गिक टॉनिक आहे म्हणे, मारा की फुटवा जोरात. समुद्री शेवाळाचं सीवीड आपण द्राक्षाला कधीपासून मारतोय, पण हे ते नव्हे. पावसाळ्यात विहिरीच्या दगडांवर, नर्सरीच्या पिशव्यांवर हिरवे चपटे पापुद्रे धरतात ना, नववीच्या पुस्तकातलं रिक्सिया, मर्केंशिया, ते लिव्हरवर्ट, आणि हिरव्या गादीसारखं धरतं ते मॉस.

आता यात दमच नाही असं माझं म्हणणं नाही. ना धड मुळं ना जाड साल, सदा ओलीत, म्हणजे बुरशीला आयतं ताट, तरी बुरशी आणि किडे याच्या वाटेला फारसे जात नाहीत, कारण लिव्हरवर्टच्या पेशीत तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यातली रसायनं कडक असतात. जर्मनीत बॉनला टोमॅटो-बटाट्याच्या करप्यावर असल्या अर्काच्या चाचण्या झाल्यात. पण ते झालं रोगाचं काम, वाढीचं कुठे? उलट लिव्हरवर्टमध्ये ल्युन्युलॅरिक ॲसिड सापडलं १९६९ साली, ते तर वाढ रोखणारं निघालं! ऑक्झिन, सायटोकायनिन ही वाढ घडवणारी संप्रेरकंही मॉसमध्ये असतात हे खरं, म्हणजे डोसवर सगळा खेळ, आणि डोस विचारला की विकणारा म्हणतो "अंदाजे पंपाला एवढं".

दुसरं, प्रयोगशाळेत अर्क बहुतेक अल्कोहोलमध्ये काढतात. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कासारखं ड्रममध्ये पाण्यात भिजवून ती तेलं उतरतीलच कशी? शिवाय मॉस हवेतले जड धातू शोषून धरतं, युरोपात प्रदूषण मोजायला तेच वापरतात, मग घाटरस्त्याकडेचं खरवडून आणलेलं मी घडांवर मारू का? २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश (रेसिड्यू) सापडून युरोपात आपली द्राक्षं कशी अडकली ते नाशिकवाल्यांना विचारा.

आणि हो, मागणी वाढली की पोती घेऊन लोक आंबोली-महाबळेश्वरला पोचणार, तिथली झाडावरची गादी एका दुपारी निघेल, परत धरायला वर्षं जातील. त्यापेक्षा शेडनेटमधल्या नर्सरीवाल्यांना हे पापुद्रे तण म्हणून खरवडून फेकावे लागतात, ते घ्या, नाहीतर ट्रेमध्ये वाढवा.

बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी असली टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलेत, रोगावर चालतं म्हणून विकायचं तर कीटकनाशक कायदा लागतो, पण ग्रुपवरच्या बाटलीला ना लेबल ना पक्कं बिल. माझी विनंती एवढीच की दापोली किंवा राहुरी विद्यापीठाने एक हंगाम नुसतं पाणी मारलेल्या ओळीशेजारी हे मारून बघावं, आणि तुमच्या पेपरने जो निकाल येईल तो छापावा, चांगला असो वा वाईट.

– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव, जि. सांगली