सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी: खोली ठरवण्याआधी

मंडळी, ग्रुपवर रोज "हा एरिया सेफ आहे का?" विचारलं जातंय. इथे कुणी "हो" म्हटलं म्हणून पैसे पाठवू नका. आधी पोलीस डॉट यूकेवर घराचा पोस्टकोड टाका. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या महिन्यात काय गुन्हे घडले ते नकाशावर दिसतं. एकूण आकड्याने दचकू नका. स्टेशन, बाजार, पब असले की तो फुगतोच, त्यात दुकानांतल्या चोऱ्याही धरलेल्या असतात. घरफोडी आणि लूटमार किती, ते वेगळं बघा.

खरी परीक्षा डिसेंबरात. लंडनमध्ये तेव्हा चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे लेक्चर संपवून अंधारातच घरी यायचं. स्ट्रीट व्ह्यूवर बसस्टॉप ते घराचं दार एवढा रस्ता 'चालून' बघा: दिव्याचे खांब आहेत का, मधे भुयारी मार्ग किंवा कालव्याकाठची पायवाट लागते का. रात्रीची बस आहे का तेही बघा. आठवड्याला वीस पौंड वाचवायला रोज असल्या वाटेने जायचं, हे मला तरी पटत नाही.

घर न बघता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'मालका'ला पैसे देऊ नका. खोली अडवून ठेवायला आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम कायद्याने मागता येत नाही. मालक त्याच घरात राहत नसेल, तर अनामत ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करणं त्याच्यावर बंधनकारक असतं.

यापुढे विचारताना पोस्टकोड, विद्यापीठ आणि भाडं लिहा. नुसतं "ईस्ट लंडन कसं आहे?" याला काय उत्तर देणार!