पुलाच्या पोटातल्या तारा आणि ‘स्क्विड’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुलांच्या तपासणीविषयी आपल्या वृत्तपत्रात चाललेल्या पत्रव्यवहारात एका वाचकांनी असे सुचवले आहे, की ‘स्क्विड’ हा अतिसंवाहक (अतिथंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थाचा) चुंबकीय संवेदक आणला म्हणजे काँक्रीटच्या आतले सगळेच दिसू लागेल. एनडीटी, म्हणजे वस्तू न कापता-न फोडता तिची तपासणी, या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून याबाबत थोडे लिहितो.

आमची रोजची परीक्षा अगदी साधी असते. वेल्डिंगवर लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चिरेत मुरलेला रंग केसाएवढ्या लाल रेघेने वर येतो. मात्र चीर पृष्ठभागावर उघडी नसेल, तर ही रेघ कधीच उमटत नाही. विमानाच्या पत्र्यांच्या जोडात खालच्या थरात तडा असला, की धातूत एडी करंट, म्हणजे भोवरी प्रवाह, निर्माण करून शोध घ्यावा लागतो. १०,००० हर्ट्झ वारंवारितेला, म्हणजे सेकंदाला दहा हजार वेळा दिशा पालटणारा, हा प्रवाह ॲल्युमिनिअममध्ये मिलिमीटरभरही खोल जात नाही; १०० हर्ट्झवर उतरलो तर सुमारे ८ मिलिमीटर जातो. पण साध्या कॉइलमधला संकेत वारंवारितेच्या प्रमाणात असल्यामुळे जितके खोल जावे तितका तो क्षीण होत जातो.

स्क्विडचे खरे मोल इथे आहे. तो अतिसंवाहक कड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्रच मोजतो; ते किती वेगाने बदलते याच्याशी त्याला देणेघेणे नसते, म्हणून कमी वारंवारितेलाही त्याची संवेदनक्षमता टिकून राहते. पूर्वी त्यासाठी उणे २६९ अंश सेल्सिअसचा द्रवरूप हेलियम लागे. १९८७मध्ये इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हा अतिसंवाहक पदार्थ सापडल्यापासून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनवर भागते. जर्मनीत यूलिश येथील संशोधकांनी अशा संवेदकाने विमानाच्या चाकांच्या आतल्या बाजूचे तडे बाहेरूनच शोधून दाखवले. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विड स्वतः घडवले असून, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमधला डेल्टा फेराइटचा, म्हणजे पोलादातल्या चुंबकीय घटकाचा, अल्पसा अंशही त्यांनी मोजला आहे. मराठी वृत्तपत्रांत याची दखल फारशी घेतली गेली नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

पुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पणजीचा मांडवी पूल जुलै १९८६मध्ये कोसळला तो काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे, आणि अशा तारा बाहेरून दिसत नाहीत हे खरेच आहे. त्या शोधण्याची चुंबकीय पद्धतही आहे: बाहेरून मोठ्या विद्युतचुंबकाने तारा चुंबकित करायच्या आणि संवेदक त्यांच्या रेषेने सरकवत न्यायचा, तार तुटली असेल तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळते. परंतु त्या तारांच्या आणि संवेदकाच्या मध्ये स्टिरपच्या, म्हणजे आडव्या कड्यांसारख्या वाकवून बसवलेल्या, सळ्या असतात. त्याही पोलादीच असल्यामुळे त्याही चुंबकित होतात, आणि पृष्ठभागाला जवळ असल्याने त्यांचाच गलका मोठा ऐकू येतो. संवेदक शंभरपट तल्लख केला, तर स्टिरपचा गलकाही शंभरपटच वाढणार. त्यामुळे या कामात साधा हॉल संवेदकही (चुंबकीय क्षेत्र मोजणारा, थंड करावा न लागणारा छोटा संवेदक) बहुतेक वेळा पुरेसा होतो. अडचण कमी ऐकू येण्याची नाही, तुटलेली तार आणि धड स्टिरप यांचे संकेत वेगळे काढण्याची आहे. शिवाय उघड्यावर, शेजारून ट्रक जात असताना आणि विजेच्या तारा गुणगुणत असताना स्क्विडला शांत ठेवणे हे स्वतंत्रच काम होऊन बसते.

म्हणून संबंधित खात्याला विनंती अशी, की महागड्या यंत्राची निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक पुलाचे बांधकामाच्या वेळचे नकाशे, विशेषतः स्टिरप किती अंतरावर बसवले आहेत हे दाखवणारे, दप्तरात शाबूत आहेत का ते पाहावे. ते नसतील तर संवेदक कोणताही आणला तरी त्याच्या आलेखातला कोणता उंचवटा कशाचा, हे सांगणे फार अवघड होईल.

आपला,
एक निवृत्त एनडीटी निरीक्षक, पुणे