उतारावर भरवसा हँडब्रेकचाच

संपादक महोदय,

कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या मालगाड्यांवरचा आपला लेख वाचला. किकिंग हॉर्स खिंडीतल्या सर्पिल बोगद्यांचे वर्णन उत्तम आहे. पण घाटात उभ्या राहिलेल्या मालगाडीला धरून काय ठेवते, हे त्यात आले नाही. तिथे १८८४ मध्ये उतार साधारण १:२२ (२२ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली) होता, १९०९ मध्ये बोगद्यांनी वाट लांबवून तो १:४५ वर आणला. आपल्या ठाणे जिल्ह्यातला कसारा घाट १:३७, म्हणजे आजच्या त्या घाटापेक्षा कडक. म्हणून हा विषय ठाणेकरांचाही आहे.

गाडीभर जाणाऱ्या हवेच्या नळातला, म्हणजे ब्रेक पाइपातला, दाब पडला की प्रत्येक वाघिणीच्या (मालडब्याच्या) टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. इमर्जन्सी ब्रेक लागला की पाइप रिकामा होतो, टाकीत भर पडत नाही. सिलिंडरच्या रबरी पॅकिंगमधून हवा मात्र झिरपतच राहते. कडाक्याच्या थंडीत रबर ताठरते आणि गळती वाढते. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच खिंडीत फील्ड गावाजवळ धान्याच्या ११२ वाघिणी उणे २८ अंशांत अशाच सुमारे तीन तास उभ्या होत्या. एकही हँडब्रेक, म्हणजे प्रत्येक वाघिणीवरचा हाताने चाक फिरवून आवळायचा, हवेवर न चालणारा ब्रेक, आवळलेला नव्हता. गाडी आपोआप सुटली, ९९ वाघिणी घसरल्या, तीन कर्मचारी प्राणाला मुकले. आता तिथे मोठ्या उतारावर इमर्जन्सीत थांबलेल्या गाडीला हँडब्रेक सक्तीचे आहेत.

हँडब्रेक लावले, पण पुरेसे नाहीत, तरी घात होतो. जुलै २०१३ मध्ये क्युबेकमध्ये तेलाची गाडी रात्री उतारावर सोडली, तेव्हा सात हँडब्रेक होते. चौकशीत निघाले की किमान १७, कदाचित २६ लागले असते. ओढून पाहण्याची चाचणी झाली होती, पण इंजिनाचा स्वतःचा ब्रेक लागलेला असताना; त्यामुळे सात पुरतात असे भासले. पुढे इंजिनाला आग लागली, ते बंद केले गेले, त्याच्या ब्रेकमधली हवा संपली आणि गाडी लॅक-मेगँटिक गावात शिरली. ४७ जण मेले.

आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून खडीची मालगाडी चालकाविना सुमारे ७० किलोमीटर धावली. तिथे उणे २८ अंश नव्हते; म्हणजे थंडी नसली तरी गाडी सुटू शकते.

कसारा घाटात सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला वळवून थांबवायला फाटे (कॅच सायडिंग) आहेत, पण तो शेवटचा उपाय. रेल्वेने आधीची गोष्ट पक्की करावी: उतार आणि वजन पाहून हँडब्रेकचा किमान आकडा ठरवावा, तो स्टेशनच्या नोंदवहीत लिहावा, आणि इंजिनाचा ब्रेक मोकळा केल्यावरही गाडी जागची हलत नाही हे पाहिल्याशिवाय कर्मचाऱ्यांनी खाली उतरू नये. हँडब्रेकची चाके गंजून जाम असतील तर वाघीण घाटात पाठवण्याआधीच यार्डात बाजूला काढावी. शेवटच्या वाघिणीपर्यंत चालत जाऊन ब्रेक आवळायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात धरला, तरच हे होईल.

– एक वाचक, कळवा (ठाणे)