घरातलं काम कुणाच्या नावावर?

फ्रँकफर्ट, जर्मनी

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढी शिकलीस आणि आता वर्षभर घरीच बसणार का गं?" तेवढ्यात बाळ उठलं आणि बोलणं तिथेच राहिलं. फोनवर मला ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझी काळजी मिटवते. नोकरी सुटलेली नाही. इथे मूल लहान असताना आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते. कंपनी पगार देत नाही, पण नोकरी राखून ठेवावी लागते. पहिलं वर्षभर सरकार हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के रक्कम देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. दुसऱ्यानेही निदान दोन महिने रजा घेतली, तर दोघांना मिळून हे पैसे बाराऐवजी चौदा महिने मिळतात. तुझे जावई ते दोन महिने घेणार आहेत.

बाळंतपणानंतर इथे सुईण घरी येते. पहिले दहा दिवस रोज आली तरी खर्च आरोग्य विम्यातून होतो. आमच्याकडे येते ती कापडाच्या झोळीत बाळाला ठेवते, झोळी ताणकाट्याला अडकवते आणि हात उंच धरून वजन बघते. बाळ तेवढा वेळ डोळे मोठे करून लोंबकळत असतं. मग ती वहीत वजन लिहिते आणि त्याच्याच खाली, आईची झोप किती झाली, तेही लिहिते. पहिल्या दिवशी ते बघून मला एकदम तुझी आठवण आली. आम्हा दोघांच्या वेळी तुझी झोप कुणी विचारली होती का गं?

आई, तू नेहमी म्हणतेस, "मी काय, घरीच असते." ते ऐकून मला फार लागतं. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री हिशोबाची वही मिटेपर्यंत तू जे केलंस, त्यावर बाबांची नोकरी आणि आमची शिक्षणं उभी राहिली. हे 'बसणं' कसं?

इथेही पूर्वीपासून सगळं असं नव्हतं. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता की घर बायकोने चालवायचं आणि संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बाहेर काम करायचं. १ जुलै १९७७ पासून ते बदललं. घर कुणी कसं चालवायचं, हे आता नवराबायकोने आपसात ठरवायचं असतं.

याच गावात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं होतं, जगभर नावाजलेलं. इथल्या एका जुन्या वसाहतीत ते मूळ रूपात जपलंय. बाळाला घेऊन मुद्दाम बघून आले. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. जिन्नस ठेवायला ॲल्युमिनियमचे छोटे खण, भिंतीवर दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी, छतावरच्या पट्टीवर पुढेमागे सरकणारा दिवा. बाईची पावलं वाचावीत, तिला वेळ मिळावा, हा हेतू. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. मला ते मनापासून आवडलं, पण आत उभी राहिल्यावर कळलं की तिथे दुसरं माणूस मावत नाही. कष्ट कमी केले खरे, पण ते एकटीनेच करायचे हेही भिंती बांधून पक्कं करून टाकलं.

आता खरं सांगायचं ते. इथे मूल वाढवण्याची वर्षं पेन्शनमध्ये धरतात. १९८६ पासून ही सोय आहे. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं, आणि त्या काळात सरासरी पगार मिळत होता असं धरून हप्ते सरकार भरतं. आजच्या दराने एका वर्षामागे म्हातारपणी दरमहा सुमारे ४० युरो. रक्कम मोठी नाही, नुसत्या तेवढ्यावर कुणाचं भागणार नाही. पण ती आईच्या स्वतःच्या खात्यावर असते, नवऱ्याकडे मागावी लागत नाही. १९७७ च्या त्याच बदलात आणखी एक चांगली गोष्ट झाली. घटस्फोट झाला तर संसाराच्या काळात दोघांनी मिळवलेले पेन्शनचे हक्क वाटून दिले जातात, कारण एकाची कमाई दुसऱ्याच्या घरकामाशिवाय झालेली नसते.

आपल्याकडे लोकांचा वेळ कशात जातो याच्या सरकारच्या २०२४ च्या पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. त्या २८९ मिनिटांची नोंद कुणाच्या पासबुकात होत नाही.

म्हणूनच वहिनीबद्दल लिहितेय. तिने बाळासाठी शाळेतली नोकरी सोडली, तिच्या मनाने सोडली, त्यात वावगं काही नाही. पण तिचा भविष्य निर्वाह निधी त्याच दिवशी थांबला आणि दादाचा चालू आहे. दादाला सांग, वहिनीच्या नावाने पोस्टात पीपीएफ उघड आणि दर महिन्याला त्यात पैसे टाक. पंधरा वर्षांची मुदत असते, आज सुरू केलं तर बाळ दहावीत जाईल तेव्हा चांगली रक्कम होईल. खातं तिचं, पासबुक तिच्याकडे. १ मे २०२४ नंतर जन्मलं म्हणून आपल्या बाळाच्या कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी वहिनीचं नाव लागलं, तेव्हा तूच किती खूश झाली होतीस! मग हेही होऊ दे.

मी बोलले तर दादाला वाटेल बहीण तिकडून शिकवतेय. तू बोललीस तर तो नाही म्हणणार नाही. आणि बाबांशी तुझ्या खात्याबद्दल मी स्वतः बोलणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

बाळाचं वजन छान वाढतंय. रविवारी फोन करते, वहिनीलाही बोलाव. बाबांना नमस्कार.

तुझी,
लेक