विम्याच्या हप्त्याआधी औषधांची यादी वाचा

संपादक महोदय,
मी न्यू जर्सीत राहते, वय ६९. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून चार वर्षं झाली. आता आजार उलटू नये म्हणून रोज लेट्रोझोलची एक स्वस्त गोळी. मेडिकेअरचा (अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या आरोग्य विम्याचा) औषध विमा बदलण्याची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. लेक म्हणते, कमीत कमी हप्त्याची योजना घे. पण आजार उलटला तर? पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरची पाल्बोसिक्लिबसारखी गोळी महिन्याला हजारो डॉलरची. २०२५ पासून आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली (२०२६ साठी २,१००), केवढा आधार वाटला! मात्र ती योजनेच्या यादीतल्या औषधांपुरतीच. इथल्या मराठी ज्येष्ठांनी यादी आणि (औषधासाठी विमा कंपनीकडून घ्यायच्या) पूर्वपरवानगीच्या अटी आधी वाचाव्यात. शिरेतून दवाखान्यात देतात ती केमो या विम्यात नव्हे, पार्ट बीमध्ये (मेडिकेअरच्या डॉक्टर-दवाखान्याच्या खर्चाच्या भागात) येते. मलाही हे नर्सनेच सांगितलं.
— एक वाचक, न्यू जर्सी